एक प्लेट म्हणजे एक फूट: लेगोतून हलतं-फिरतं 'ट्रिंकोमाली' बांधताना

जहाज बांधायला बसलेला नवखा माणूस जवळजवळ नेहमी एकच चूक करतो. तो बाहेरून सुरुवात करतो. आधी देखणा सांगाडा, काळा-पांढरा रंग, नाळेचं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचं वळण, आणि मग आठवण होते की सुकाणू फिरायला हवं, नांगर वर यायला हवा. तोवर आत बोट घालायलाही जागा उरलेली नसते. माझं पहिलं जहाज असंच वाया गेलं. तीन महिने जेवणाच्या टेबलावर होतं, घरचे जमिनीवर बसून जेवले, आणि शेवटी तयार झालं ते नुसतं शोभेचं खोकं. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी जे जे हलणार ते, आणि त्याच्या भोवती जहाज. हा लेख त्या दुसऱ्या वेळचा.

कुठलं जहाज निवडावं

शोभेच्या संचांत चाच्यांची जहाजं पुष्कळ असतात, पण ती अंदाजपंचे असतात. खरं, मापं उपलब्ध असलेलं, आणि शक्यतो आज उभं असलेलं जहाज घ्या, म्हणजे अडलं की फोटो बघता येतात. मी 'एचएमएस ट्रिंकोमाली' घेतलं. हे लीडा वर्गातलं फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान युद्धनौका. १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच फ्रिगेटच्या बांधणीवरून या वर्गाचा आराखडा निघाला. बांधलं मात्र आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, सागवानात. १२ ऑक्टोबर १८१७ला ते पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे, आणि अजून पाण्यावर तरंगतंय. सागवानाची करामत.

नकाशांची गोष्ट मजेची आहे. या जहाजाचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून मुंबईकडे निघाले होते. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा फडशा पाडला आणि आराखडे गेले. पुन्हा प्रती पाठवाव्या लागल्या. तुम्हीही तुमच्या फाइलची दुसरी प्रत ठेवा, एवढंच म्हणतो.

माप: इथेच अर्धं काम होतं

'ट्रिंकोमाली'चा तोफमजला सुमारे १५० फूट लांब आणि जहाज सुमारे ४० फूट रुंद. लेगोच्या तुकड्यांची मापं ठरलेली आहेत. एका स्टडपासून, म्हणजे तुकड्यावरच्या गोल उंचवट्यापासून, दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिलिमीटर, प्लेटची जाडी ३.२ मिमी, आणि तीन प्लेट एकावर एक म्हणजे ९.६ मिमीचा एक ब्रिक.

आता १:९६ हे प्रमाण घेऊन बघा. ३.२ गुणिले ९६ म्हणजे ३०७ मिमी, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक फूट. उभ्या दिशेने एक प्लेट म्हणजे एक फूट, एक ब्रिक म्हणजे तीन फूट. आडव्या दिशेने एक स्टड म्हणजे अडीच फूट. जहाजाचे जुने आराखडे फुटांतच असतात, त्यामुळे कॅल्क्युलेटर कपाटात ठेवला तरी चालतो. १५० फुटांचे ६० स्टड, ४० फुटांचे १६ स्टड. हे गणित पहिल्यांदा जुळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यापेक्षा मोठं घेऊ नका. लेगोच्या माणसांना शोभेल असं १:४०च्या आसपास बांधायचं म्हटलं तर फक्त तोफमजलाच एक मीटरच्या पुढे जातो, आणि तुकड्यांचा हिशेब पगाराशी जुळत नाही. १:९६ला पुढची तिरकी काठी, म्हणजे बाउस्प्रिट, धरून ७५ सेंटीमीटरची फळी आणि वर ६५ सेंटीमीटरची मोकळी जागा पुरते. माझ्याकडे अडीच हजारांच्या आसपास तुकडे लागले. त्यातले दोनशे चुकीचे घेतलेले.

खरेदीच्या आधी सगळं संगणकावर जोडून घ्या. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शेवटी तुकड्यांची यादीही काढून देतं. मात्र ते दोऱ्याचा ताण आणि गिअरचं घर्षण दाखवत नाही. पडद्यावर सगळंच फिरतं.

कणा

तळाशी एक सरळ तुळई हवी, म्हणजे कील. भोकांचे १×१६ टेक्निक ब्रिक (टेक्निक म्हणजे लेगोची यंत्रांसाठीची मालिका) दोन ओळींत, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे, भिंतीच्या विटांसारखे. ६० स्टड लांब झाल्यावर दोन्ही टोकं धरून उचला. मध्ये बाक दिसला तर आणखी एक ओळ वर चढवा. खऱ्या लाकडी जहाजांचीही हीच व्यथा असे, फक्त उलटी. मध्यभागाला पाण्याचा आधार जास्त आणि टोकांना कमी, म्हणून वर्षानुवर्षांत कण्याला कुबड येई.

दर १२ स्टडवर एक आडवी फळी टाका. तीन डोलकाठ्यांच्या जागा आत्ताच ठरवा आणि तिथे कण्यात फुलीच्या भोकाचा तुकडा बसवा, म्हणजे काठी जागच्या जागी फिरणार नाही.

पारशी रिवाजाप्रमाणे 'ट्रिंकोमाली'च्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. मी एक चंदेरी १×१ गोल प्लेट नाळेजवळ आत लावून टाकली. नंतर ती कुणालाच दिसत नाही, पण मला माहीत आहे.

आता यंत्रं, उघड्या कण्यावर

हलणाऱ्या गोष्टी चार आहेत: सुकाणू, नांगर, तोफा आणि शिडांच्या आडव्या काठ्या. पहिल्या तीन भिंती चढवण्याआधी हलवून बघायच्या. नवखा माणूस सगळीकडे गिअर घालायला जातो. पण हे जहाज दोरांवर चालायचं, आणि आपलंही दोऱ्यांवर चांगलं चालतं. गिअर जितके कमी तितकी डोकेदुखी कमी.

सुकाणूपासून सुरुवात करा, कारण ते पाच मिनिटांत फळ देतं. मागे सुकाणूचं पातं उभ्या ॲक्सलवर, म्हणजे फुलीच्या आकाराच्या दांडीवर लावा. त्याच ॲक्सलला आतल्या बाजूने ५ स्टड लांब दांडा, म्हणजे टिलर. वरच्या मजल्यावर चाकाचा आडवा ॲक्सल नाळ ते पिछाडी या दिशेत ठेवा आणि त्यावर एक बुश. बुश म्हणजे ॲक्सलवर चढवायची ती छोटी करडी कडी. दोऱ्याचा मधला भाग बुशला एका गाठीने पक्का करा, दोन्ही बाजूंना तीन-तीन वेढे द्या, आणि एक टोक डावीकडून, दुसरं उजवीकडून टिलरच्या टोकाला आणा. चाक फिरलं की एका बाजूचा दोरा गुंडाळला जातो, दुसऱ्या बाजूचा तेवढाच सुटतो. खऱ्या फ्रिगेटवरही हेच होतं, चाकाच्या पिंपावर दोर आणि खाली टिलर. बुशच्या एका फेऱ्यात साधारण २३ मिमी दोरा येतो. ४० मिमीचा टिलर ३५ अंश वळवायला तेवढाच लागतो. म्हणजे डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा, बास.

चाक म्हणून १६ दातांचा गिअर लावा. लेगोच्या गिअरचा व्यास मिलिमीटरमध्ये दातांइतकाच धरायचा असतो, म्हणजे १६ मिमी, म्हणजे आपल्या प्रमाणात पाच फूट. तपकिरी मिळाला तर सोन्याहून पिवळं. आता तपासा: चाक डावीकडे फिरवलं की पात्याचं मागचं टोक डावीकडे गेलं पाहिजे. उलट गेलं तर टिलरवरची दोन टोकं अदलाबदल करा. टिलर वळताना दोरा थोडा सैल पडतो. तो ताणून धरायला एका बाजूला छोटा रबरबँड घाला, आणि तो बदलता येईल अशी जागा ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरबँड वर्षभरात चिवडा होतो.

नांगरासाठी मागच्या बाजूला उभा रहाट, म्हणजे कॅप्स्टन. त्याच्या उभ्या ॲक्सलवर खाली वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर लावा आणि त्याला ८ दातांचा गिअर भिडवा, आडव्या ॲक्सलवर. त्याच ॲक्सलवर दोरा गुंडाळायची बुश. रहाटाचे ८ फेरे म्हणजे बुशचा एक. वर्मचा फायदा असा की गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही, त्यामुळे नांगर जिथे सोडाल तिथे लटकून राहतो. पाण्यापासून वर आणायला चोवीसएक फेरे लागतात. पाहुण्यांची मुलं ते मन लावून करतात.

खऱ्या जहाजावर नांगराचा दोर एवढा जाड असे की रहाटाला गुंडाळणंच शक्य नसे. म्हणून रहाटावर एक बारीक, बिनटोकाचा दोर फिरता ठेवत आणि मोठा दोर त्याला ठिकठिकाणी तात्पुरता बांधून पुढे ओढत. बांधायचं-सोडायचं काम बहुधा पोरांकडे. १:९६ला हे करायच्या भानगडीत पडू नका. दोरा थेट पुढे न्या, पण कुठल्या बाजूने, ते तोफांचं वाचल्यावर ठरवा.

तोफा, आणि माझं फसलेलं प्रकरण

मुख्य तोफमजल्यावर दोन्ही बाजूंना चौदा-चौदा, अशा २८ अठरा-पौंडी, म्हणजे अठरा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या तोफा. झरोके चार-चार स्टडवर ठेवले की ते ५३ स्टडमध्ये मावतात. झरोका एक स्टड रुंद, एक ब्रिक उंच. तोफेची नळी म्हणून साधी बार घ्या. तिची जाडी ३.२ मिमी आहे, म्हणजे पुन्हा एक फूट, आणि तोंडाशी तोफ साधारण तेवढीच असायची.

सगळ्या तोफा एकदम आत-बाहेर होतात हे बघणाऱ्याला फार आवडतं. खऱ्या जहाजावर असं कधीच होत नसे, प्रत्येक तोफेचे लोक वेगळे, तरी आवडतं. त्यासाठी तोफा एका लांब प्लेटवर बसवायच्या आणि ती प्लेट गुळगुळीत टाइल्सवर सरकवायची. मी पहिल्यांदा मधोमध एकच दातेरी पट्टी आणि एकच गिअर लावला. प्लेट कपाटाच्या बिघडलेल्या खणासारखी तिरकी झाली आणि अडकली. जोर लावला तेव्हा 'टक्' आवाज झाला, आणि तीन तोफा सोफ्याखाली.

उपाय सोपा निघाला. प्लेटवर दोन दातेरी पट्ट्या, एकमेकींपासून २४ स्टडवर. दोन्हींवरून जाणारा एकच लांब ॲक्सल, त्यावर ८ दातांचे दोन गिअर. दोन्ही एकत्र फिरतात, प्लेट सरळ सरकते. एक तृतीयांश फेऱ्यात ती एक स्टड पुढे जाते, तेवढं पुरे. ॲक्सल मध्यरेषेवर ठेवू नका, तिथून डोलकाठ्या खाली उतरतात. एक-दोन स्टड बाजूला घ्या आणि मागचं टोक पिछाडीच्या एका खिडकीतून बाहेर काढा. फिरवायची मूठ तिथेच. नाळेजवळची आणि अगदी मागची तोफ या प्लेटवर घेऊ नका, कारण तिथे भिंत वळते. त्या दोन स्थिर राहू द्या, कुणी मोजत नाही.

आणि एकाच बाजूच्या तोफा हलत्या ठेवा. कपाटात ठेवल्यावर जहाजाची एकच बाजू दिसते. दुसरी बाजू मोकळी राहिली की नांगराचा दोरा तिथून नाळेपर्यंत निवांत जातो.

हे तीनही भाग उघड्या कण्यावर दिवसभर फिरवत राहा. रात्री एकदा, सकाळी एकदा. जे आज अडखळतं ते भिंती चढल्यावर नक्की अडकणार.

सांगाडा

इथे लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि माझ्या मते विनाकारण. पाव कापल्यासारखे जहाजाचे आडवे थर करायचे. आराखड्यात पाण्याला समांतर रेषा दिलेल्याच असतात. तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंत सुमारे १८ फूट, म्हणजे १८ प्लेट, म्हणजे सहा ब्रिक. मध्यभागी मी रुंदी खालून वर अशी घेतली: कण्यापाशी २ स्टड, मग ८, १२, १४, १६, १६. टोकांकडे प्रत्येक थर आधी संपतो. नाळेशी वळण बोथट आणि भरीव, मागे खाली मात्र अगदी निमुळतं, म्हणजे सुकाणूला सरळ पाणी मिळतं. नाळ टोकदार करायचा मोह टाळा. तसं केलं की फ्रिगेट न दिसता मोटरबोट दिसते.

थरांच्या पायऱ्या दिसतात, त्या तिरक्या आणि गोलाईच्या स्लोप तुकड्यांनी बुजवा, पण फक्त नाळ आणि पिछाडीकडे. मधल्या भागात पायऱ्या राहिल्या तरी चालतात. पाण्याखाली तांब्याचे पत्रे असायचे, त्यासाठी विटकरी किंवा गडद नारिंगी. दोन्ही रंग मिसळले तर जास्त खरं वाटतं, कारण तांबं कधी एकसारखं काळवंडत नाही.

पाण्याच्या वर बाजूने फळ्या दिसायला हव्यात. त्यासाठी स्टड बाजूला तोंड करून असलेले ब्रिक लावून त्यांवर टाइल्स चिकटवायच्या. इथे एक समीकरण पाठ करा: ५ प्लेट म्हणजे २ स्टड, दोन्ही १६ मिमी. उभं आणि आडवं बांधकाम जिथे भेटतं तिथे दर पाच प्लेटला सगळं पुन्हा जुळतं. हे माहीत नसेल तर फट राहते आणि ती का राहते ते कळत नाही.

रंग आज हार्टलपूलला दिसतो तसा, काळा आणि झरोक्यांच्या ओळीला पांढरा पट्टा. झरोक्यांची झाकणं बाहेरून काळी ठेवली की पट्ट्यावर बुद्धिबळाचा पट उठतो. वरचा डेक काढता येईल असा ठेवा, चार स्टडवर टेकलेला. दोरा तुटणारच आहे.

डोलकाठ्या

प्रत्येक डोलकाठीत तीन तुकडे, खालचा जाड, वरचे बारीक. आतून टेक्निक ॲक्सल, आणि खालच्या भागावर बुशांची माळ. बुश साडेसात मिमीच्या आसपास जाड, म्हणजे सव्वादोन-अडीच फूट, खऱ्या काठीइतकी. वरचा भाग नुसता ॲक्सल. मधल्या डोलकाठीच्या खालच्या भागाला डेकपासून २४ बुश लागतात. एका काठीला २४ म्हटल्यावर दुकानदार दोनदा विचारतो.

आडव्या काठ्या, म्हणजे यार्ड, गोल भोकाच्या तुकड्यात अडकवून ॲक्सलवर चढवा, म्हणजे त्या मोकळ्या फिरतात. मधल्या डोलकाठीचा सगळ्यात खालचा यार्ड जहाजाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, म्हणजे ३२ स्टड. त्याच्या दोन टोकांपासून दोरे मागे आणा, पिछाडीच्या दोन बाजूंनी आत घ्या आणि एका ॲक्सलच्या बुशवर सुकाणूच्याच पद्धतीने गुंडाळा. या ॲक्सलचं टोक दुसऱ्या खिडकीतून बाहेर. एका खिडकीतून तोफा, दुसरीतून यार्ड.

यार्ड पूर्ण वळणार नाहीत, बाजूच्या तिरक्या दोरांना अडतील. तो तुमचा दोष नाही. खऱ्या जहाजांचेही अडत, आणि म्हणूनच अशी जहाजं वाऱ्याच्या रोखाला साठ-सत्तर अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नसत.

दोरे आणि शिडं

दोरा सुती घेऊ नका. मी घेतला होता. जूनमध्ये हवा दमट झाली, दोरा आखडला, आणि एका सकाळी पुढची डोलकाठी नम्रपणे वाकून उभी. पॉलिएस्टरचा शिलाईचा दोरा घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा. तंतू बसतात, गाठ सुटत नाही. काठ्या तोलून धरणारे दोर डांबर लावलेले असत, ते काळे. हलणारे दोर फिक्या तपकिरी रंगाचे.

बांधायचा क्रम: आधी पुढे-मागे जाणारे, मग दोन्ही बाजूंचे, आणि प्रत्येक वेळी डावा-उजवा जोडीने. एकच बाजू पूर्ण केली तर काठी तिकडे कलते. सगळे दोर बांधायला जाऊ नका. खऱ्यावर शेकडो असतात. तीस-पस्तीस नीट ताणलेले दोर दीडशे लोंबत्या दोरांपेक्षा बरे.

शिडांबद्दल माझं मत ठाम आहे. फुगवलेली शिडं लावू नका. त्यामागे दोर, यार्ड, सगळी मेहनत लपते, आणि वर धूळ बसते. जुन्या मलमलीच्या पट्ट्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि यार्डवर गुंडाळून बांधा, बंदरात उभ्या जहाजासारख्या. हवंच असेल तर मधल्या काठीचं एक शीड सोडा.

धूळ काढायला रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घ्या, वरून खाली. हलवताना डोलकाठी धरून कधीही उचलू नका, दोन्ही हात कण्याखाली घाला. आणि महिन्यातून एकदा चाक, रहाट आणि खिडक्यांतल्या दोन्ही मुठी फिरवा. दोरा एकाच जागी फार दिवस दबून राहिला की तिथे मुरड पडते, आणि पुढच्या वेळी नेमका पाहुण्यांसमोर अडकतो.